जुन्या इमारतीत शाश्वत कामांचं सामायिक केंद्र उभारताना: आधी काय, मग काय

छपरावर सौर पॅनेल झळकताहेत, आत टेबलं मांडून झाली आहेत, भिंतींना ताजा रंग आहे. दोन पावसांनंतर त्या रंगाला फोड येतात, गिलावा पोकळ वाजू लागतो आणि छप्पर उघडण्यासाठी नुकतीच बसवलेली पॅनेल उतरवावी लागतात. हे इतक्या ठिकाणी घडतं की एखाद्या गटाला दोष देण्यात अर्थ नाही. पैसा जमलेला असतो, उत्साह असतो, बऱ्याचदा कारागीरही चांगले असतात. चुकतो तो क्रम. जे शेवटी करायचं ते आधी उरकलं जातं, कारण तेच डोळ्यांत भरतं आणि देणगीदारांना दाखवता येतं.

हा लेख दगडविटांच्या जाड भिंती, चुन्याचे सांधे आणि लाकडी मजले-छप्पर असलेल्या इमारतींसाठी आहे. तिथे दुरुस्तीची कार्यशाळा, अवजारं उसनी देण्याची सोय, बीजसंग्रह, छोटं वाचनालय, बैठकीची खोली आणि बसून काम करायला टेबलं, असं काहीसं करायचं आहे असं धरलं आहे. जुन्या काँक्रीट इमारतींचा मुख्य रोग म्हणजे गंजणारी सळई. त्याचं औषध वेगळं आहे, ते इथे शोधू नका.

## टप्पा १: कागद, परवानग्या आणि नोंद

पहिला प्रश्न मालकीचा. जागा भाड्याची किंवा कराराची असेल तर मुदत बघा. तीन वर्षांचा करार हातात असलेल्या गटाने छपरावर पैसे घालू नयेत. आधी मुदत वाढवून घ्या. आतल्या दुरुस्तीचा खर्च कुणाचा, बाहेरच्या भिंतींचा कुणाचा आणि करार मोडला तर घातलेल्या पैशांचं काय, हे लेखी घ्या.

परवानग्या साधारण तीन वेगवेगळ्या असतात: वारसा म्हणून नोंद असलेल्या वास्तूत बदल करण्याची, इमारतीचा वापर बदलण्याची आणि आगीपासून सुरक्षिततेची. एक मिळाली म्हणजे बाकीच्या आपोआप मिळाल्या, हा गैरसमज सर्रास आढळतो. तिन्ही ठिकाणी नकाशे पक्के होण्याआधी, नुसत्या कच्च्या आराखड्यावर बोलून घ्या. पक्क्या नकाशाला आक्षेप आला की महिने जातात; कच्च्याला आला तर एक दुपार जाते.

मग नोंद. प्रत्येक खोलीला क्रमांक द्या. प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो घ्या आणि चौकटीत पाटीवर खोलीचा क्रमांक, दिशा व तारीख लिहून ठेवा. चार महिन्यांनी फोटो कुठल्या भिंतीचा हे कळलं नाही, तर तो नसल्यासारखाच. मोजमापाचा नकाशा काढताना भिंती काटकोनात आहेत असं धरू नका. कर्ण मोजा, ओळंबा लावा. जुन्या खोल्या सहसा किंचित तिरक्या असतात, आणि तयार फर्निचर आलं की तो तिरकेपणा वसूल होतो.

काय ठेवायचं आणि काय बदलायचं याबाबत दोन दस्तऐवज आजही कामाला येतात: १९६४ची व्हेनिस सनद आणि वारसा-वास्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या इकोमॉस संस्थेच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेची १९७९ची बुर्रा सनद. पहिलीचं सार असं की समाजोपयोगी वापर स्वागतार्ह आहे, पण त्यापायी इमारतीची मांडणी आणि अलंकरण बदलू नये. नवा भाग जुन्याशी जुळावा, तरी निरखून पाहिलं तर नवा म्हणून ओळखू यावा. दुसरीचं सार, गरजेपुरतं करा आणि त्यातही कमीत कमी करा. साइटवर याचे तीन प्रश्न होतात. हे काढणं खरंच गरजेचं आहे का? उद्या पूर्ववत करता येईल का? केलेलं काम ओळखू येईल का? काहीही तोडण्याआधी हे तीन प्रश्न मोठ्याने विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.

तपासा: करार, तिन्ही परवानग्यांची स्थिती, क्रमांकित फोटो आणि मोजलेला नकाशा हाती आल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही.

## टप्पा २: निदान

इथे घाई करणारे पुढे सगळ्यात जास्त भरतात. शक्य असेल तर इमारत सगळ्या ऋतूंतून एकदा पाहा. ते जमत नसेल तर निदान एका मुसळधार पावसात छत्री घेऊन भोवती फिरा. पन्हळ कुठे ओसंडते, पागोळ्या कुठे पडतात, अंगणातलं पाणी कुठल्या भिंतीकडे धावतं, हे त्या अर्ध्या तासात जितकं कळतं तितकं कोरड्या दिवशीच्या दहा भेटींत कळत नाही.

ओल कुठे आहे यावरून ती कुठून येते याचा अंदाज बांधता येतो. जमिनीपासून साधारण मीटरभर चढलेली आणि वर क्षारांचा पांढरा पट्टा सोडलेली ओल जमिनीतून येते. बाहेरची माती किंवा फरशी जोत्याच्या वर चढली आहे का बघा. वरच्या कोपऱ्यातली ओल पन्हळीची किंवा छपराच्या सांध्याची. भिंतीच्या मधोमध एकटाच डाग असेल तर आत नळ आहे का, बाहेर तडा आहे का, ते शोधा. थंडीत कोपऱ्यांत, कपाटांमागे काळी बुरशी धरत असेल तर ती बाहेरची ओल नाही. खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर निवते आहे, आणि तिला हवा खेळती ठेवणं हेच औषध.

सावध: दोन टोकं टेकवून ओल मोजणारं यंत्र भिंतीवर फसतं, कारण भिंतीतले क्षारसुद्धा ओल म्हणून दाखवतं. फक्त त्या आकड्यावर कुणी रासायनिक इंजेक्शनाचं काम सुचवत असेल तर थांबा. लाकडात मात्र हे यंत्र उपयोगी आहे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही. त्याच्या वर वाचन आलं की पाण्याचा उगम शोधा.

लाकूड तपासताना मधला भाग बघून समाधान मानू नका. तुळया कुजतात त्या टोकाला, जिथे त्या भिंतीत शिरतात. टोच्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, हातोडीने वाजवून आवाज ऐका. कोपऱ्यातला ताजा भुसा म्हणजे किडा अजून जिवंत आहे. जुनी, कोरडी, रिकामी भोकं हा इतिहास आहे; त्यांच्यावर औषध फवारण्यात पैसे घालू नका.

तड्यांचं तसंच. तडा किती रुंद आहे यापेक्षा तो वाढतो आहे का हे महत्त्वाचं. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, तड्यावर मापांच्या खुणा असलेली पट्टी बसवा आणि दर महिन्याला वाचन घ्या. आत धूळ आणि जुन्या रंगाचे थर असतील तर तडा जुना आहे. कडा धारदार आणि स्वच्छ असतील तर ताजा. वर रुंद आणि खाली बारीक होत गेलेला तडा इमारतीचं टोक खचत असल्याची शंका उत्पन्न करतो. तो इंजिनियरला दाखवा.

इंजिनियर निवडताना माझी एक साधी परीक्षा आहे. त्यांना एका ओल्या कोपऱ्यात उभं करायचं आणि विचारायचं, ‘इथे काय कराल?’ जे आधी वर छपराकडे आणि मग बाहेर जमिनीकडे बघतात त्यांच्याशी पुढे बोलावं. जे लगेच काँक्रीटच्या आवरणाचा हिशेब मांडतात त्यांना चहा पाजून निरोप द्यावा.

## टप्पा ३: खोली बघून काम ठरवा

बहुतेक गट यादी घेऊन येतात, की एवढी टेबलं, एवढी माणसं, कार्यशाळा मागच्या बाजूला, वाचनालय वर. मग इमारतीला त्या यादीत कोंबतात. उलट करा. आधी प्रत्येक खोलीला काय पेलवतं ते लिहा आणि मग तिला काम द्या.

भार हा पहिला निकष. रचना-संहितांमध्ये राहत्या घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला साधारण दीड ते दोन किलोन्यूटन भार धरतात, कार्यालयासाठी दोन ते तीन आणि माणसं दाटीने जमतात त्या जागेसाठी तीन ते पाच. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलो. म्हणजे घर म्हणून बांधलेल्या वरच्या मजल्यावर पन्नास माणसांची बैठक भरवणं हा नुसता वापर बदलणं नाही, तर भार दुप्पट करणं आहे. पुस्तकांच्या रांगा त्याहून भारी पडतात. आणि १००० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे भरल्यावर एक टन, तोही इवल्याशा जागेत.

म्हणून जड, ओलं आणि हादरे देणारं सगळं तळमजल्यावर, थेट जमिनीवर: पुस्तकं, टाक्या, बियाणं धुण्याची मोरी, करवत आणि घासणीची यंत्रं. कंपोस्टचं प्रात्यक्षिक इमारतीबाहेर. हलकी, कोरडी आणि शांत कामं वर. बीजसंग्रहाला कोरडी, थंड आणि अंधारी खोली लागते. जाड भिंतींची उत्तरेकडची खोली बऱ्याचदा चालते, पण ती आधी पुरती कोरडी झालेली हवी. हाच तर्क पुढच्या वादांतही कामी येतं. कुणी म्हणालं की दोन खोल्यांमधली भिंत काढली तर सभागृह होईल, तर तिच्यावर काय टेकलं आहे ते वर जाऊन बघा. जुन्या इमारतीत ‘नुसती पडदी’ म्हणून काढलेली भिंत वरच्या तुळईचा आधार निघाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. मग रात्रभर टेकू लावत बसावं लागतं.

## टप्पा ४: विषारी आणि जिवंत गोष्टी

हा टप्पा छोटा, पण टाळता न येणारा. जुने पत्रे, पाइपांवरची वेष्टणं आणि काही फरशांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडायचं, कापायचं, झाडायचं नाही. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि काढायचं काम प्रशिक्षित माणसांना द्या. जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता दाट असते. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ श्वासात जाते, आणि लहान मुलांसाठी ती विशेष घातक. ओल्याने घासा, मुखवटा वापरा, कपडे साइटवरच बदला. स्वयंसेवकांना ‘श्रमदान’ म्हणून रंग खरवडायला बसवण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी.

पोटमाळ्यावर वटवाघळं किंवा पक्ष्यांची घरटी असतील तर अनेक देशांत त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. विणीच्या हंगामात छपराचं काम काढू नका.

## टप्पा ५: पाणी बाहेर काढा

पैसे मोजकेच असतील तर ते इथे संपले तरी चालतील.

क्रम वरून खाली. आधी छप्पर: फुटलेली कौलं बदला, सरकलेली बसवा, धुराड्याभोवतीचे आणि भिंतीला टेकलेले सांधे नीट करा. मग पन्हळी. उतार आहे का हे बादलीभर पाणी ओतून बघा. मग पन्हळीतून उतरणारे पाइप, आणि मग ते पाणी जाऊन कुठे पडतं ते. १०० चौरस मीटर छपरावर १० मिमी पाऊस पडला की १००० लिटर पाणी जमा होतं. ते भिंतीच्या पायाशीच सोडलं असेल तर आत कितीही औषधपाणी करा, ओल जाणार नाही.

सगळ्यात शेवटी जमीन. बाहेरची पातळी आतल्या जमिनीपेक्षा खाली आणा आणि उतार इमारतीपासून दूर न्या. जोत्याला लागून ओतलेली सिमेंटची पट्टी दिसली तर तिच्याखालची माती बघा. पट्टी पाणी अडवते आणि मग ते पाणी भिंतीतून वर वाट शोधतं. ती उखडून तिथे खडीचा पाझरचर काढला की कित्येक भिंती बाकी काही न करता सुकू लागतात. खणताना मात्र पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नका, आणि संपूर्ण बाजू एकदम न उघडता तुकड्या-तुकड्याने काम करा.

पावसाचं पाणी साठवायचं असेल तर टाकीची जागा आत्ताच ठरवा: इमारतीपासून अंतर राखून, जास्तीचं पाणी कुठे जाईल हे पक्कं करून.

तपासा: एका जोरदार पावसात पुन्हा छत्रीफेरी. पाणी भिंतीला कुठेही शिवत नसेल तरच पुढे जा.

## टप्पा ६: लाकूड आणि ढाचा

कुजलेलं टोक म्हणजे कुजलेली तुळई नव्हे. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून नवं, सुकलेलं आणि त्याच जातीचं लाकूड जोडता येतं. सांध्याची लांबी आणि खिळपट्ट्या इंजिनियर ठरवतील. आधी टेकू द्या, मगच कापा, आणि टेकू खालच्या मजल्याच्या फळ्यांवर न ठेवता जमिनीपर्यंत न्या. नवं टोक भिंतीत बसवताना तिन्ही बाजूंनी हवा खेळेल एवढी फट सोडा. तिथे सिमेंट ठासून भरणं म्हणजे तेच दुखणं पुन्हा पेरणं.

लाकडी मजल्यावर ‘मजबुतीसाठी’ काँक्रीटचा थर ओतण्याचा सल्ला हटकून मिळतो. १०० मिमी जाड थराचं वजन दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो होतं. ज्या भारासाठी मजला मजबूत करायचा होता, त्याचा मोठा वाटा तुम्हीच आधी टाकून मोकळे. कड्यांमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या लाकडांमध्ये, नव्या कड्या घालणं किंवा मधे एक आधार-तुळई देणं हे हलकं आहे आणि नंतर काढताही येतं.

## टप्पा ७: भिंती, म्हणजे चुना

पाणी थांबलं आणि ढाचा सावरला की लोक थेट गिलाव्याकडे वळतात. इथे मधला एक टप्पा असतो, तो म्हणजे वाट पाहणं. ओली भिंत सुकायला ढोबळमानाने दर २५ मिमी जाडीला एक महिना लागतो. ४५० मिमीची भिंत चिंब असेल तर दीड वर्षाचा हिशेब झाला. सगळ्या भिंती इतक्या भिजलेल्या नसतात, आणि खिडक्या उघड्या ठेवल्या की वेग वाढतो. पण दोन आठवड्यांत कोरडी करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मोठे पंखे आणि हीटर लावून पृष्ठभाग सुकतो, गाभा नाही, आणि क्षार मात्र झपाट्याने वर येतात.

सिमेंट का नको, हे कारागिरांना एकदा नीट समजावून सांगा. चुन्याचा सांधा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते, आणि भिंत थोडी हलली तर तोच ते सहन करतो. सिमेंटचा सांधा विटेपेक्षा कठीण, त्यामुळे ओल विटेतून वाट काढते आणि विटेचा चेहरा गळून पडतो. दहा वर्षांनी सांधे जाळीसारखे उभे आणि विटा आत झिजलेल्या, असं दिसतं ते यामुळेच. प्लास्टिक इमल्शन, सिलिकॉनचा लेप, भिंतीवर थेट चिकटवलेल्या टाइल्स हे सगळे याच चुकीचे भाऊबंद.

काम असं करा:

१. सुटलेले सांधेच काढा. घट्ट असलेला जुना सांधा काढू नका. छिन्नी-हातोडीने, हाताने, सांध्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोल. ग्राइंडरने विटांच्या कडा कापल्या जातात आणि ते नुकसान भरून येत नाही.

२. जुन्या सांध्याचा तुकडा फोडून आतली वाळू बघा: जाड की बारीक, कुठल्या रंगाची. तशीच धारदार, धुतलेली वाळू आणा. चुन्याच्या कामाचं रूप बव्हंशी वाळू ठरवते.

३. मुरलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग. चुना विरवल्यावर (पाण्यात टाकून फोडल्यावर) किमान तीन महिने पाण्याखाली मुरलेला असावा. सतत ओल्या राहणाऱ्या जागी विटेची पूड घातलेला चुना लवकर आणि पक्का धरतो.

४. भिंत आधी भिजवा. कोरडी भिंत मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि चुना भुगा होतो.

५. आधी खोल भाग भरा, ठासा, मग पुढचा. गिलावा असेल तर एका थरात १० मिमीच्या आसपास. तो आवळला की पुढचा.

६. किमान आठवडाभर ओलं गोणपाट टांगून ठेवा. ऊन आणि वारा दोन्ही वैरी. पारा ५ अंशांच्या खाली जात असेल तर काम सुरूच करू नका.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो, आणि ही क्रिया महिन्याला साधारण मिलिमीटरभर आत सरकते. त्यामुळे आठव्या दिवशी नखाने ओरखडा उठला म्हणून घाबरू नका, आणि ‘थोडं सिमेंट टाकू, लवकर धरेल’ याला हो म्हणू नका. थोडंसं सिमेंट मिसळलेला चुना दोन्हीकडून जातो: चुन्यासारखा श्वास घेत नाही, सिमेंटसारखा पक्काही होत नाही.

सावध: कळीचा, म्हणजे अजून पाणी न लागलेला भाजका चुना साइटवर विरवत असाल तर नेहमी चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. पाणी उकळून उसळतं. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे, बाजूला स्वच्छ पाण्याची बादली. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवत राहा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

आधीच्या कुणी सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर छोट्या भागात काढून बघा. सहज सुटला तर सगळा काढा. विटेचा चेहरा घेऊन निघत असेल तर तूर्त राहू द्या. वाईट गिलावा असलेली भिंत चेहरा नसलेल्या भिंतीपेक्षा बरी. रंग म्हणून चुन्याची सफेदी, दुधाइतकी पातळ, चार-पाच हात. भिंत सुकत असतानाही ती चालते, हा तिचा मोठा फायदा. तिला ‘तात्पुरती’ समजणारे पुढे तीच ठेवतात.

तपासा: सगळ्या भिंतीला हात घालण्याआधी एक चौरस मीटरचा नमुना करून महिनाभर बघा. गवंड्याचा हातही त्यातच कळतो.

## टप्पा ८: वायरी, नळ आणि आग

वायरी भिंती फोडून न नेता उघड्या पाइपांतून, खिडक्या-दारांच्या कडेने किंवा जमिनीलगतच्या पट्टीमागून न्या. चुन्याच्या भिंतीत खाचा पाडून सिमेंटने बुजवणं म्हणजे आधीचा सगळा टप्पा वाया घालवणं. उघडी वायरिंग नीट आखली तर देखणी दिसते, आणि पुढच्या माणसाला भिंत न तोडता बदलता येते. नळ शक्यतो एकाच उभ्या रेषेत आणि बाहेरून दिसतील असे ठेवा. तुळईच्या टोकाजवळून जाणारा लपवलेला नळ हा वर्षानुवर्षं गुपचूप गळणारा शत्रू.

कार्यशाळेचा वीजभार वेगळ्या बोर्डावर घ्या. विजेच्या सायकली आणि अवजारांच्या बॅटऱ्या चार्ज करण्याची जागा जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर नको. लिथियम बॅटरीने पेट घेतला की तीच वाट बंद होते.

आगीचा धोका इमारत वापरात असताना असतोच, पण काम चालू असताना तो जास्त असतो. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची प्रसिद्ध इमारत २३ मे २०१४ रोजी पेटली ती तळघरात: फवारून वापरायच्या फोममधला ज्वलनशील वायू प्रोजेक्टरच्या गरम भागाला लागला. जुन्या वायुवीजनाच्या उभ्या पोकळ्यांनी ती आग वर नेली. दुरुस्ती चालू असतानाच १५ जून २०१८ रोजी ती इमारत पुन्हा जळाली. पॅरिसची नोत्र-दाम १५ एप्रिल २०१९ रोजी पेटली तेव्हाही तिच्या छपरावर परांची बांधलेली होती.

यावरून साइटसाठी नियम: वेल्डिंग, टॉर्च किंवा ग्राइंडरचं काम लेखी परवानगीशिवाय नाही, काम संपल्यावर किमान एक तास माणूस तिथे बसून लक्ष ठेवेल, दिवसाच्या शेवटच्या तासात असं काम सुरू करायचं नाही. लाकडाचा भुसा आणि रंगाच्या चिंध्या रोज संध्याकाळी इमारतीबाहेर. मजल्यांना छेदणाऱ्या जुन्या पोकळ्या, बंद धुराडी आणि नळांभोवतीच्या फटी शोधून प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक भरावाने बुजवा. आगीची सूचना देणारी यंत्रणा सगळं झाल्यावर बसवायची नसते; निदान तात्पुरती तरी पहिल्या दिवसापासून हवी.

जाड तुळया मात्र वाटतात तेवढ्या घाबरवणाऱ्या नाहीत. मऊ लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ मिमी कोळसा होत आत जळतं, त्यामुळे मोठ्या छेदाची तुळई बराच वेळ भार धरते. पातळ फळ्या आणि खोटं छत आधी जातात. त्यामुळे तुळयांवर खोटं छत चढवून त्या झाकण्याचा हट्ट सोडा.

## टप्पा ९: सगळ्यांना आत येता यावं

सामायिक जागा म्हटल्यावर चाकांच्या खुर्चीतून येणारा माणूस गृहीत धरलाच पाहिजे. उताराचं प्रमाण १:१२. म्हणजे ६०० मिमी उंच जोत्याला ७.२ मीटर लांबीचा उतार आणि मधे सपाट थांबे. समोर एवढी जागा क्वचितच मिळते. मागचं दार, बाजूचं अंगण किंवा बाहेरची पातळी हळूहळू चढवणं हे पर्याय बघा (टप्पा ५ न बिघडवता). दगडी पायऱ्या तोडू नका; त्यांच्या बाजूला सुटा उतार ठेवता येतो. दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी मिळाली तर उत्तम. वापरता येईल असं एक स्वच्छतागृह तळमजल्यावर हवंच, आणि ते नकाशात आधीच हवं. शेवटी जिन्याखाली कोंबलेलं नव्हे.

## टप्पा १०: आता ऊर्जा

इथवर आलात की गरज किती उरली ते मोजा. छपराखाली उष्णतारोधक थर घालणं सगळ्यात स्वस्त आणि कमी धोक्याचं. फक्त वळचणीची हवा बंद करू नका. भिंतींना आतून फोमचे तक्ते लावण्याआधी दहादा विचार करा. भिंत त्यामागे थंड पडते आणि ओल नेमकी तुळयांच्या टोकांशी साचते. लावायचंच असेल तर लाकडी तंतूंचे तक्ते किंवा भांग-चुन्याचा लेप यांसारखं श्वास घेणारं काही, तेही भिंत पुरती सुकल्यावर. जुन्या खिडक्या दुरुस्त करा, फटींना पट्ट्या लावा, आतून दुसरी काच बसवा. त्या काढून प्लास्टिकच्या बसवणं सहसा अनावश्यक ठरतं.

फटी बुजवल्या की हवेचा विचार करा. बैठकीच्या खोलीत माणशी सेकंदाला साधारण १० लिटर ताजी हवा लागते. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र ठेवा. वाचन १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भागांच्या) वर रेंगाळत असेल तर हवा कमी पडते आहे. टेबलांवर ५०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपास प्रकाश हवा, पण अख्खी खोली तेवढी उजळू नका. खिडकीशी टेबल आणि टेबलावर दिवा पुरतो.

आणि आता पॅनेल. त्यांचं आयुष्य २५ वर्षांच्या आसपास असतं, तेव्हा छप्पर तेवढं टिकणार असेल तरच ती चढवा. वजनापेक्षा वाऱ्याने वर खेचण्याचा जोर जास्त त्रास देतो. वासे आणि त्यांचे सांधे त्यासाठी तपासून घ्या. रस्त्यावरून दिसणाऱ्या पाख्यावर परवानगी अडते, म्हणून मागचं पाखं किंवा बाहेरची शेड आधी बघा.

## टप्पा ११: उघडण्याआधी आणि नंतर

एका खोलीत चार आठवडे वापर सुरू करा, बाकीच्या बंद ठेवा. दार कुठे अडतं, आवाज कुठे घुमतो, प्लग कुठे कमी पडतात, हे तेव्हा कळतं. कपाटं बाहेरच्या भिंतींना चिकटवू नका. ५० मिमी तरी हवा राहू द्या.

खर्चाच्या अंदाजात २० ते २५ टक्के राखीव ठेवायला सांगितलं की भुवया उंचावतात. जुन्या इमारतीत फळी उचलल्याशिवाय खालचं कळत नाही, एवढंच त्याचं स्पष्टीकरण. ही रक्कम टेबलखुर्च्यांसाठी उचलू नका.

देखभालीची एक वही दाराशीच टांगा. वर्षातून दोनदा पन्हळी साफ, एकदा छप्पर, एकदा लाकडांच्या टोकांची वाचनं, दर महिन्याला तड्यांच्या खुणा. प्रत्येक नोंदीपुढे नाव लिहायचं, ‘सगळ्यांनी’ असं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर वापरलेल्या चुन्या-वाळूचं प्रमाण, वाळू कुठून आणली ते आणि गवंड्याचा संपर्क लिहून ठेवा. पुढचा तडा पडेल तेव्हा तुम्ही तिथे असालच असं नाही.